मोरसास गेलेल्याचा माग

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

प्रश्न : आमच्या घरी मोडीत लिहिलेली सात पिढ्यांची वंशावळ आहे. सातवा मी, जन्म १९७० चा. वरून दुसऱ्या पिढीत दोन भाऊ आहेत. थोरल्याचा वंश आमचा, धाकट्याच्या नावापुढे फक्त ‘मोरसास गेला’. मोरस म्हणजे मॉरिशस म्हणतात. त्यांचा वंश शोधायचा तर सुरुवात कुठून करावी? — एक वाचक, माढा

उत्तर : सुरुवात त्या मोडी ओळीपासूनच करा. मोरस म्हणजे मॉरिशस हे बरोबर आहे. तिथून येणाऱ्या साखरेला आपल्याकडे मोरस साखरच म्हणायचे. पण मोडीत शब्द सलग लिहितात आणि ऱ्हस्व-दीर्घ सहसा वेगळं दाखवत नाहीत, त्यामुळे ‘मोरसास’ आणि ‘मिरजेस’ यांत घाईचा वाचक सहज फसतो. कागदाचा स्वच्छ फोटो काढा आणि दोन मोडी वाचकांना वेगवेगळा दाखवा. पहिल्याने काय वाचलं ते दुसऱ्याला सांगू नका. नाहीतर मिरजेला गेलेला माणूस मॉरिशसात शोधत बसायची वेळ येते.

मग काळ बसवा. पिढीला २७ वर्षं धरली तर तुमच्या वरच्या पाच पिढ्यांची १३५ होतात, म्हणजे दुसऱ्या पिढीचा जन्म १८३५ च्या आगेमागे. पाच वर्षं इकडे-तिकडे सोडा. माणूस विशी-पंचविशीत गेला असं धरलं तर १८५० ते १८६५ ही पट्टी हाती येते. ती मॉरिशसला जुळते. करारावरच्या मजुरांची तिकडची ने-आण १८३४ ला सुरू झाली, १८३९ ला बंद पडली आणि १८४२ च्या कायद्याने पुन्हा उघडली. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं जायची, पण मुंबईची भरती मुख्यतः १८६० च्या दशकापर्यंतच चालली. हाच माणूस तुमच्या खापरपणजोबांचा भाऊ असता तर त्याचा जन्म १८६० च्या पुढे गेला असता, आणि मग मॉरिशस या शब्दावरच आधी शंका घ्यावी लागली असती.

आता तीन गोष्टी पक्क्या करा: त्याचं नाव, बापाचं नाव आणि गाव. आडनाव तूर्त विसरा. तिकडच्या नोंदवहीत आडनावाला रकाना नव्हता. उतरलेल्या प्रत्येकाला एक क्रमांक मिळायचा आणि त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जिल्हा, जहाज, उतरल्याची तारीख आणि कोणत्या मळ्यावर पाठवलं ते लिहायचे. या वह्या मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत आहेत. १८६० च्या दशकापासून पुढे मजुरांचे फोटोही आहेत. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाला लोक चौकशीची पत्रं पाठवतात. ती उतरण्याची जागा, २००६ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि पाहावी अशी आहे. वह्यांसाठी मात्र मोकालाच लिहा.

पत्र एका पानाचं असू द्या. नाव आणि बापाचं नाव घरगुती रूपासकट द्या, कारण राघोजीचा राघू आणि विठोबाचा विठू लिहिला गेलेला असतो. उतरल्याचा काळ १८५० ते १८६५, बंदर मुंबई, जिल्हा सोलापूर. गावाचं नाव इंग्रजीत निदान चार-पाच तऱ्हांनी लिहा (का, ते पुढच्या उत्तरात). वंशावळीचा फोटो आणि त्यातल्या त्या ओळीचं भाषांतर जोडा. ‘आमच्या पूर्वजांविषयी माहिती द्यावी’ एवढ्यावर कुणालाही काही शोधता येत नाही.

गोंधळ होतो तो सारख्या नावांमुळे. ‘राघू, बाप विठू’ असे कितीतरी निघतात. नाव, बाप, गाव आणि जात यांतल्या तीन गोष्टी जुळल्या आणि वय पाचेक वर्षांच्या फरकात बसलं तरच तो तुमचा माणूस धरा. वय कारकुनाच्या अंदाजाचं, म्हणून एवढा फरक सोडायचा. जात त्याने ऐकली तशी, म्हणून ती चुकली तर चालेल. बापाचं नाव चुकलं तर थांबा. आणखी एक अडचण आहे. १८६० पर्यंत सोलापूरला रेल्वे नव्हती. माणूस आधी पुण्यामुंबईत मजुरीला जायचा आणि भरती तिथे व्हायची. त्यामुळे गावाच्या रकान्यात नुसतं ‘मुंबई’ किंवा ‘पुणे’ही सापडू शकतं.

क्रमांक मिळाला की निम्मं काम झालं. तिकडच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदींत आईबापांच्या नावापुढे तोच क्रमांक येतो आणि त्यावरून पिढ्या खाली उतरवता येतात. वंशजांचं आडनाव मात्र तुमचं नसणार. तिथे बापाचं पाळण्यातलं नावच पुढे आडनाव झालं. जाधव-शिंदे शोधू नका, सखाराम आणि बाबाजी शोधा. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशनसारख्या तिथल्या संस्थांना पत्र घालायचं ते क्रमांक आणि मळ्याचं नाव हाती आल्यावर.

एक शक्यता लोक विसरतात: माणूस परत आलेला असू शकतो, किंवा तिकडेच बिनवारस मेलेला. मृत मजुरांची शिल्लक रक्कम गावच्या वारसाला पोचवण्यासाठी सरकार याद्या करायचं. तसे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या एमिग्रेशनच्या दप्तरांत मिळतात. ‘अभिलेख पटल’ या त्यांच्या संकेतस्थळावर सूची घरबसल्या चाळता येते.

प्रश्न : परदेशातल्या एका कुटुंबाने आमच्याशी संपर्क केला आहे. त्यांच्या पूर्वजाच्या नोंदीत जिल्हा ‘शोलापूर’ आणि खाली ‘कुर्मुल्ला’ असं काहीसं आहे. असं गाव जिल्ह्यात नाही. त्यांना काय सांगू? — एक शिक्षिका, सोलापूर

उत्तर : करमाळा. १८७० च्या आधीची बहुतेक इंग्रजी स्पेलिंगं एका वेगळ्या रिवाजाने लिहिलेली आहेत. ऱ्हस्व ‘अ’साठी तेव्हा ‘यू’ हे अक्षर घालायचे, ‘ई’साठी डबल ई आणि ‘ऊ’साठी डबल ओ. करमाळ्यातल्या क आणि म यांच्यापुढे ‘यू’ आला की आज आपण ते कुर्मुल्ला वाचतो. पंढरपूरचं पुंडरपूर होतं ते याच न्यायाने. ळ चा ल, ण चा न, ढ चा ड हे तर व्हायचंच. तेव्हा ‘उ’ दिसला की तो ‘अ’ करून वाचा आणि मग जिल्ह्याच्या गावांची यादी समोर ठेवून नाव मोठ्याने उच्चारा. कानाला जे पटकन सापडतं ते डोळ्याला सापडत नाही. लिहिणारा परक्या भाषेचा असेल तर नाव आणखी मोडतं: सोलापूरच्या डॉ. कोटणीसांचं चीनमध्ये ‘के दिहुआ’ झालं.

करमाळा हे तालुक्याचंही नाव आहे. नोंदीत खाली आणखी एक नाव असेल तर गाव ते, नाहीतर कसबा करमाळाच. त्यांच्याकडून टाइप केलेली नक्कल घेऊ नका, मूळ पानाचा फोटो मागवा. टाइप करणाराने एक चूक आधीच केलेली असते.

गाव नक्की करताना जुन्या हद्दी ध्यानात ठेवा. माळशिरस तालुका १८७५ पर्यंत साताऱ्यात होता. मंगळवेढा सांगली संस्थानात, अक्कलकोट स्वतःच संस्थान, तुळजापूर-नळदुर्ग निजामाकडे. अकलूजचा माणूस जुन्या वहीत ‘जिल्हा सातारा’ असू शकतो.

मग गावात काय पाहायचं? लोक सरळ तलाठ्याकडे सातबारा मागतात आणि हिरमुसतात. हक्कनोंदीचा कायदाच १९०३ चा, त्यामुळे फेरफार त्याच्या अलीकडचे. १८५० ला गेलेला माणूस त्यांत दिसणार नाही, त्याच्या भावाची नातवंडं दिसतील. ती हवीतच, कारण आजचं घर तिथून जोडता येतं. गाव नमुना सहा म्हणजे फेरफार, सहा-क म्हणजे वारस नोंदी, चौदा म्हणजे जन्म-मृत्यू. जुने स्कॅन केलेले उतारे ‘आपले अभिलेख’वर पाहा, नसतील तर तहसीलच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करा. अर्जात गाव, नमुना आणि वर्षांची पट्टी लिहा. ‘सर्व जुने कागद’ असा अर्ज हमखास परत येतो. त्याआधीचा काळ भूमी अभिलेख कार्यालयातल्या ‘सूड’ आणि ‘शेतवार’ या जुन्या जमीन-पत्रकांत मिळतो, बहुधा मोडीत. २०२३ पासून कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत अशी दप्तरं स्कॅन झाली, त्याचा फायदा वंशावळ शोधणारांनाही होतो.

सरकारी कागदांपेक्षा जुनं साधन आपल्या दारावर येतं: हेळवी. बैल घेऊन येणारे हे लोक ठरलेल्या घराण्यांची वंशावळ पिढ्यानपिढ्या जपतात आणि घरातली नवी नावं वहीत चढवून जातात. आपल्या आणि विजापूरच्या बाजूला त्यांची घरं वाटून घेतलेली असतात, म्हणून गावात कोणता हेळवी येतो हे म्हाताऱ्यांना विचारा. सुगीनंतर फेरी असते. वाचन सुरू झालं की मोबाइलवर पूर्ण ध्वनिमुद्रण करा, मध्ये प्रश्न घालू नका. लय तुटली की नावं गळतात. तसंच त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांकडची नामावळ. ती आडनाव आणि गावावरून काढतात आणि तिथे खुद्द यजमानाने भाऊ-चुलत्यांची नावं सांगितलेली असतात. पंढरपूरच्या क्षेत्रोपाध्यांकडेही विचारा. परदेशी गेलेल्याचं नाव गावच्या कागदात नसलं तरी भावाने तीर्थावर सांगितलेल्या यादीत येऊ शकतं.

प्रश्न : आजोबांचे चुलते पहिल्या महायुद्धात ‘बसऱ्याला’ गेले ते परत आले नाहीत. घरात एक पदक आहे, बाकी काही नाही. — एक वाचक, सांगोला

उत्तर : पदक आहे तर बरंच काही आहे. चेहऱ्याची बाजू नको, कड पाहा. भिंग घेऊन तिरप्या उजेडात फिरवा, कडेवर क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. मात्र ते चिंचेने, राखेने घासू नका. कडेची अक्षरं उथळ असतात आणि दिवाळीदर दिवाळी घासून ती गुळगुळीत झालेली पदकं पुष्कळ आहेत. पदक ‘ब्रिटिश वॉर मेडल’ असेल आणि ते काशाचं असेल तर माणूस लढाऊ शिपाई नसून सोबतच्या कामगार-नोकरवर्गातला असण्याची शक्यता जास्त. शिपायाचं ते चांदीचं असायचं.

मग राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर शोधा. ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले मृत्यू तिथे आहेत. नावाने शोधलं तर शेकड्यांनी निघतील, म्हणून भारतीय सैन्य, पलटण आणि क्रमांक असं गाळत जा. मेसोपोटेमियात (आजचा इराक) ज्यांची कबर माहीत नाही अशांची नोंद बसरा स्मारकाखाली येते, चाळीस हजारांवर नावं आहेत. पुष्कळ नोंदींत बापाचं नाव, गाव आणि जिल्हा असतो, स्पेलिंगची कसरत वरच्यासारखीच. कडेवर ‘११० मराठा’ अशी पलटण निघाली तर आज त्या नावाची पलटण नाही म्हणून गडबडू नका. १९२२ ला १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी एका रेजिमेंटमध्ये गुंफल्या गेल्या, तिचं केंद्र आज बेळगावला आहे. गावच्या वेशीत किंवा चावडीवर ‘या गावातून इतके गेले, इतके मेले’ अशी इंग्रजी संगमरवरी पाटी असेल तर तीही टिपून घ्या. नावं त्यावर नसतात, पण मेलेल्यांचा आकडा ताळा करायला येतो.

प्रश्न : पणजोबांचे भाऊ १९२५ च्या सुमारास रंगूनला गेले. पासपोर्टची नोंद कुठे मिळेल? — पूर्व भाग, सोलापूर

उत्तर : मिळणार नाही, कारण तो लागतच नव्हता. १ एप्रिल १९३७ पर्यंत ब्रह्मदेश हिंदुस्थानचाच प्रांत होता. सोलापूरहून रंगूनला जाणं म्हणजे देशातल्या देशात जाणं. घरात मनीऑर्डरची पावती किंवा पाकीट असेल तर त्यावरचा टपालाचा शिक्का वाचा, पत्ता तिथून निघतो.

प्रश्न : डीएनए तपासणी करून परदेशातले भाऊबंद सापडतात का? — एक वाचक, बार्शी

उत्तर : पाच-सहा पिढ्यांपूर्वी फुटलेल्या फांदीसाठी तुमची तपासणी बहुधा रिकामी जाईल. घरातल्या सर्वांत वरच्या पिढीतल्या माणसाची करा. तिसऱ्या पिढीच्या चुलतभावात (थर्ड कझिन, म्हणजे खापरपणजोबा एकच असलेला) सरासरी सत्तरेक सेंटिमॉर्गन (डीएनए किती जुळतो ते मोजायचं एकक) जुळतात, चौथ्या पिढीच्या चुलतभावांत निम्म्या जोड्यांत काहीच जुळत नाही. शिवाय आपल्याकडे मामाची मुलगी, भाची करण्याची रीत. त्यामुळे एकाच जातीतले दोन परके लोकही जवळचे नातलग असल्यासारखे दिसतात. अनेक बारीक तुकडे जुळले तर हुरळू नका, तीसेक सेंटिमॉर्गनचा एक सलग तुकडा असेल तर पुढे चौकशी करा. दोन्ही बाजूंना बापाकडून मुलाकडे अशी सरळ पुरुषांची ओळ असेल तर वाय गुणसूत्राची तपासणी जास्त उपयोगी, कारण ते पिढ्यानपिढ्या जवळजवळ तसंच उतरतं. ते जुळलं नाही तर त्या घराचा नाद सोडण्याआधी एकच तपासा: मधल्या पिढीत कुणी दत्तक होतं का. दत्तकाची नोंद हेळव्याच्या वहीत बहुधा असते.