साइड मिरर कसे लावले म्हणजे ब्लाइंड स्पॉट, म्हणजे आरशांत न दिसणारा बाजूचा भाग, कमी होतो? चिकटवायचे छोटे गोल आरसे घ्यावेत का?

तुम्ही लिहिलंय की दोन्ही आरशांत मागची दारं अगदी नीट दिसतात, तरीही लेन बदलताना बाजूची गाडी अचानक कुठून येते कळत नाही. अहो, दारं दिसतायत म्हणूनच बाजूची गाडी दिसत नाहीये! आरसा केवढासा, त्यातला तिसरा हिस्सा आपल्याच पत्र्याने भरला तर उरलेल्यात काय मावणार?

हे मी इतकं ठासून सांगतेय कारण यावरून माझं आणि बाबांचं दोन वर्षं वाजतंय. गाडी मला बाबांनीच शिकवली आणि ते चालवतात फार छान, पण आरशांच्या बाबतीत त्यांचा नियम एकच, आपल्या गाडीची कड आणि दाराचं हँडल दिसलंच पाहिजे, नाहीतर अंदाज येत नाही. मीही निमूट तसेच लावायचे.

मग तो हायवेचा दिवस. पुढे एक ट्रक रेंगाळत होता, बाबा शेजारच्या सीटवर. मी इंडिकेटर दिला, मधल्या आरशात बघितलं, साइडच्या आरशात बघितलं, रस्ता मोकळा, म्हणून स्टिअरिंग जरासं वळवलं आणि खिडकीला लागूनच हॉर्न! माझ्या मागच्या दाराशी एक मोटरसायकलवाला होता. तो कडेच्या खडीवर उतरला, हँडल दोनदा लटपटलं, एक पाय जमिनीला घासत गेला, पण पडला नाही. सावरून पुढे आला, हेल्मेटची काच वर केली आणि नुसतं माझ्याकडे बघितलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. आणि बाबा म्हणाले, "अगं, बघत जा ना!" मी म्हटलं बघितलं होतं. "बघितलं असतंस तर दिसला असता." हे वाक्य मला अजून टोचतं.

नंतर मी वाचत सुटले. जॉर्ज प्लॅट्झर नावाच्या इंजिनिअरने १९९५ मधेच यावर पेपर लिहून ठेवलाय, त्यात आरशांची सगळी भूमिती मांडलीय. मुद्दा सोपा आहे, आपण तिन्ही आरशांत मागचा एकच रस्ता तीन वेळा बघत बसतो आणि बाजूचा पट्टा कुणीच बघत नाही. मागचं बघायला मधला आरसा आहे, साइडचे बाहेर वळवा. फार वळवावेही लागत नाहीत, आरसा एक अंश फिरला की नजर दोन अंश सरकते.

करायचं असं. गाडी उभी असताना डोकं आपल्या बाजूच्या काचेला टेकवा आणि तिकडचा आरसा बाहेर फिरवत न्या, गाडीची कड जेमतेम दिसेल एवढाच ठेवा. दुसऱ्या बाजूसाठी डोकं दोन सीटच्या मधोमध आणा, मधल्या आरशाच्या खाली, आणि तसंच करा. सरळ बसलात की आपली गाडी दोन्हीकडून गायब होईल. पहिले दोन-तीन दिवस चुकल्यासारखं वाटेल, वाटू द्या. मग चालवताना बघा, ओव्हरटेक करणारी गाडी मधल्या आरशातून जायच्या आत साइडच्या आरशात यायला हवी आणि तिथून जायच्या आत डोळ्याच्या कोपऱ्यात.

बाबांना हे तोंडी पटेना, म्हणून एके दिवशी त्यांना उभ्या गाडीत ड्रायव्हर सीटवर बसवलं, आरसे त्यांचेच, मान हलवायची नाही. मी एका लेनचं अंतर ठेवून मागून पुढे चालत आले आणि त्यांनी दिसतेय तोवर "आहेस" म्हणायचं. आहेस, आहेस, आहेस... आणि मागच्या दाराच्या जरा अलीकडे आवाज बंद. पुढची सहा पावलं मी त्यांना दिसलेच नाही. सहा पावलांत अख्खी मोटरसायकल मावते, वर जागा उरते. मग आरसे बाहेर वळवून परत चालले, या वेळी आवाज एकदाही थांबला नाही. बाबा उतरले, स्वतः चालून बघितलं, मला बसवलं, काही बोलले नाहीत.

म्हणून सांगते, तुमच्या घरी कुणी नवीन शिकत असेल तर "नीट बघ" म्हणून ओरडण्याआधी त्याच्या सीटवर बसून त्याचा आरसा बघा. दिसतच नसेल तर तो बघून बघून काय बघणार?

गोल आरशांचं म्हणाल तर हवे तर घ्या, पण आधी आहेत ते आरसे नीट लावा. फुगीर आरशात सगळं बारीक आणि लांब दिसतं, मागचा किती जवळ आलाय याचा अंदाज चुकतो. आणि हो, हे आधीच सांगायला हवं होतं, मागे छतापर्यंत सामान असेल आणि मधला आरसा झाकला गेला असेल तर ही पद्धत चालणार नाही, साइडचे थोडे आत घ्यावे लागतील. रिव्हर्स घेताना आपली कड बघायची तर डोकं झुकवा. लेन बदलायच्या आधी मान वळवून एक नजर टाकायचीच, आरसे कसेही लावलेले असोत.

आमची गाडी एकच, दोघं चालवतो. आधी रोज सकाळी दोन्ही आरसे परत आत वळवलेले सापडायचे. हल्ली ड्रायव्हरच्या बाजूचा मी ठेवते तसाच असतो, दुसरा मात्र बाबा अजून आत घेतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. त्या दिवशी मी बघितलं होतं, एवढं एकदा त्यांनी म्हणावं.