फिरत्या घरातला हंगाम: निवृत्त जोडप्यांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. निवृत्तीनंतर आरव्ही (राहण्याची सोय असलेली गाडी) घेऊन उन्हाळाभर एखाद्या कॅम्पग्राउंडवर, म्हणजे तंबू आणि आरव्ही लावण्याच्या तळावर, काम करण्याचा विचार आहे. एका ठिकाणाहून ‘आठवड्याला २४ तास काम, त्याबदल्यात वीज-पाण्यासह जागा मोफत’ असे पत्र आले आहे. होकार द्यावा का?

उत्तर : त्याआधी एकच गोष्ट विचारून घ्या : हे २४ तास दोघांचे मिळून आहेत की प्रत्येकाचे? जाहिरातीत ही बाब बहुधा मोघम ठेवलेली असते आणि सगळा व्यवहार तिच्यावरच अवलंबून असतो. समजा, त्या जागेचे महिन्याचे भाडे ६०० डॉलर आहे. तास दोघांचे मिळून असतील, तर महिन्याला सुमारे १०४ तास भरतात आणि तासाला पावणेसहा डॉलर पडतात. प्रत्येकाचे असतील, तर हाच दर तीन डॉलरच्याही खाली जातो. केंद्रीय किमान वेतन २००९ पासून तासाला ७.२५ डॉलर आहे आणि अनेक राज्यांत ते याहून बरेच अधिक आहे. म्हणून जागेच्या मोबदल्यात किती तास आणि त्यापुढील तासांना रोख वेतन किती, हे ठरवून घ्यावे. विजेचे बिल कोण भरणार, गॅस आणि कपडे धुण्याची सोय कोणाच्या खर्चाने, हेही लेखी मागावे.

आणखी एक अट आम्ही ठेच लागल्यावर शिकलो. आमच्या दुसऱ्या हंगामात मालकाने माझी सुट्टी सोमवारी आणि पत्नीची गुरुवारी ठेवली. समोर डोंगर होता, पण चार महिन्यांत तो आम्हाला एकदाही बरोबर चढता आला नाही आणि कागदावर काहीच नसल्याने तक्रारीलाही जागा नव्हती. तेव्हापासून ‘दोघांची सुट्टी एकाच दिवशी’ हे वाक्य आम्ही स्वतः लिहून पाठवतो.

सरकारी जमिनीवरील कामाचा हिशेब निराळा आहे. फॉरेस्ट सर्व्हिस (केंद्रीय वनखाते) किंवा आर्मी कोअर ऑफ इंजिनिअर्स (लष्कराचा अभियांत्रिकी विभाग) यांच्या कॅम्पग्राउंडवर ‘होस्ट’ म्हणून राहणारी जोडपी अनेकदा स्वयंसेवक असतात. त्या कामात वेतन शोधू नये. ते आवडीने करावे. मात्र फॉरेस्ट सर्व्हिसची कित्येक कॅम्पग्राउंड खासगी कंपन्या चालवतात, तेव्हा आपण नेमके कोणासाठी राबणार आहोत, हे अर्ज करण्यापूर्वीच विचारावे.

प्रश्न : शुगर बीटच्या (साखरेसाठी पिकवल्या जाणाऱ्या कंदाच्या) हंगामात थोड्या दिवसांत चांगली कमाई होते असे ऐकले. मी ६८ वर्षांचा आहे. हे काम झेपेल का?

उत्तर : मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटाच्या सीमेवरील रेड रिव्हरच्या खोऱ्यात मुख्य काढणी १ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते आणि साधारण दोन आठवडे चालते. पाळी बारा तासांची असते, दिवसाची किंवा रात्रीची. ट्रकमधून बीट ओतून ढीग लावणाऱ्या यंत्राशेजारी उभे राहायचे, ट्रकचालकांना खुणा करायच्या, नमुने घ्यायचे, सांडलेले बीट आणि चिखल फावड्याने ओढायचा, असे हे काम आहे. आपल्याकडे तोडलेला ऊस लगेच गाळपाला न्यावा लागतो. तिथे बीटचे ढीग थंडीच्या आधारावर महिनोन्‌महिने साठवतात. म्हणूनच हवा तापली तर ढीग कुजेल या भीतीने काढणी थांबवतात, आणि पावसाने शेतात चिखल झाला तरीही ती थांबते. अशा खाड्यांसह दोन आठवड्यांच्या कमाईचा अंदाज बांधावा. गुडघ्याची किंवा हृदयाची तक्रार असेल, तर माझा सल्ला स्पष्ट नकाराचा आहे.

प्रश्न : पत्नी ६३ वर्षांची असून तिने सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) सुरू केली आहे. हंगामी वेतनाने ती कमी होईल का?

उत्तर : होऊ शकते. १९६० किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचे पूर्ण निवृत्तिवय ६७ आहे. ते गाठण्याच्या वर्षापूर्वी कमाई वार्षिक मर्यादेपलीकडे गेली, तर वरच्या प्रत्येक दोन डॉलरमागे एक डॉलर रोखला जातो. २०२५ साठी ही मर्यादा २३,४०० डॉलर होती. रोखलेली रक्कम बुडत नाही. पूर्ण निवृत्तिवयाला मासिक लाभाची फेरआकारणी होते. मला अधिक काळजी विम्याची वाटते. पासष्टीपासून मिळणारा सरकारी आरोग्यविमा, म्हणजे मूळ मेडिकेअर, देशभर चालतो, पण त्याऐवजी खासगी कंपन्यांमार्फत घेता येणाऱ्या अनेक मेडिकेअर अॅडव्हान्टेज योजना ठराविक भागातील डॉक्टरांपुरत्या बांधलेल्या असतात. उन्हाळा मोंटानात आणि हिवाळा अॅरिझोनात काढणाऱ्यांनी हा फरक पासष्टीच्या आधीच समजून घ्यावा.

प्रश्न : पुण्याहून व्हिजिटर व्हिसावर येणाऱ्या थोरल्या भावाला आणि वहिनींना आमच्याबरोबर काम करता येईल का?

उत्तर : नाही. त्यांनी आपल्या आरव्हीत राहावे, प्रवास करावा. पण मोफत जागेच्या बदल्यात केलेले काम हेही मोबदल्याचे कामच आहे. त्यांच्या पुढच्या व्हिसावर त्याचे सावट पडू देऊ नये.

प्रश्न : घर विकले तर कायमचा पत्ता कोणता द्यायचा? आणि पुढे शरीर थकल्यावर काय?

उत्तर : टेक्सास, फ्लोरिडा आणि साउथ डकोटा या राज्यांत वेतनावर राज्याचा आयकर नाही आणि टपाल पुढे पाठवणाऱ्या सेवाही आहेत, म्हणून फिरती जोडपी बहुधा यांपैकी एक निवडतात. तरी पहिल्या हंगामापूर्वी घर विकू नये, भाड्याने द्यावे. थकल्यावरची एक सोय टेक्सासमधील लिव्हिंगस्टन येथे आहे : एस्केपीज या आरव्हीधारकांच्या क्लबशी जोडलेल्या केंद्रात वृद्ध सदस्य स्वतःच्याच आरव्हीत राहतात आणि त्यांना जेवण व दैनंदिन मदत मिळते.

पण अडचण म्हातारपणाची वाट पाहत नाही. माझ्या पाठीचा मणका सरकला, तेव्हा सर्वांत जवळचे मोठे रुग्णालय दीडशे मैलांवर होते आणि गाडी पत्नीने चालवली. त्याआधी पूर्ण एक महिना ती दर रविवारी एका रिकाम्या पार्किंगमध्ये आरव्ही मागे घेण्याचा, वळवण्याचा आणि सांडपाण्याची टाकी रिकामी करण्याचा सराव करत होती. आपल्या घरी गाडी एकटेच चालवत असाल, तर कोणत्याही पत्राला होकार देण्यापूर्वी दुसऱ्याच्या हाती किल्ली द्या.