किराणा दुकानातला हातात धरायचा बारकोड स्कॅनर कधी वाचतो कधी नाही, नवीन घ्यावा का?

लगेच नवीन घेऊ नका, आधी केबल आणि लेबल बघा, दहातल्या सात-आठ वेळा दोष तिथेच सापडतो. मी बिलिंगची मशीनं बसवायचं, दुरुस्त करायचं काम करतो त्यामुळे हे रोजचंच आहे. नोटपॅड उघडा आणि बिस्किटाचा एखादा कंपनीचा पुडा स्कॅन करा, स्कॅनर कॉम्प्युटरला कीबोर्डच वाटतो त्यामुळे आकडे सरळ टाइप होतात, बहुतेक भारतीय मालावर ८९० ने सुरू होणारे १३ आकडे.

- पुडा दहाच्या दहा वेळा वाचला पण तुम्ही छापलेलं डाळ-तांदळाचं स्टिकर अडलं तर स्कॅनर ठीक आहे, प्रिंट फिकी आहे. थर्मल लेबल (शाईशिवाय, उष्णतेने छापलेलं) उन्हाने, तेलाच्या हाताने उडतं, प्रिंटरचं हेड, म्हणजे छापणारी पट्टी, स्पिरिटने पुसा, प्रिंटरच्या सेटिंगमधला डार्कनेस थोडा वाढवा. बारकोडच्या दोन्ही बाजूंची पांढरी जागा कापली जात नाही ना तेही बघा.
- पुडाही अडला तर मुठीखाली केबल शिरते तिथे हलवून बघा, दिवा लुकलुकला की केबल गेली. बऱ्याच मॉडेलमध्ये ती क्लिप दाबून निघते, नवी बसते. (गिऱ्हाईक समोर उभं असलं की वायर खेचून खेचून स्कॅन करतो ना आपण, त्याचंच हे.) काचही एकदा मऊ कापडाने पुसून घ्या.

फक्त मोबाईलवरचा क्यूआर वाचत नसेल तर तो बिघाड नाही, लाल रेघेचा लेझर स्कॅनर क्यूआर वाचतच नाही, त्याला टूडी स्कॅनरच लागतो, म्हणजे कॅमेऱ्यासारखा चौकोनी कोडही वाचणारा.