दीड वर्षाचे मूल आणि स्वयंपाकघरातील डबे

प्रश्न : माझा मुलगा दीड वर्षाचा आहे. वाढदिवसाला आलेली, बटण दाबताच इंग्रजी अक्षरे म्हणणारी खेळणी तो लगेच टाकून देतो आणि डबे, झाकणे, पळ्या घेऊन बराच वेळ रमतो. त्याच्याच वयाच्या भाचीला रंगांची नावे येतात, असे नणंदबाई सांगतात. हा मागे पडत नाही ना? त्याला कोणती खेळणी घ्यावीत?
— एक वाचक, सांगली

उत्तर : खेळण्यांच्या बाबतीत आपल्या मुलाची पारख भेट देणाऱ्यांपेक्षा सरस आहे. बटणाच्या खेळण्याचे गुपित दोनदा दाबल्यावर संपते. डब्याला झाकण बसवताना मात्र मनगट फिरवावे लागते, कोणते झाकण कोणत्या डब्याचे हे ताडून पाहावे लागते आणि चुकल्यास पुन्हा प्रयत्न करावा लागतो. रंगांची नावे बहुतेक मुले तीन वर्षांच्या आसपास सांगू लागतात, त्यामुळे भाचीचे कौतुक करावे, तुलना करू नये. तो आधाराविना चालतो का, हवी ती वस्तू बोटाने दाखवतो का, हाक मारल्यावर वळून पाहतो का आणि काही अर्थपूर्ण शब्द बोलतो का, हे मात्र पाहावे. यांपैकी एखादी गोष्ट होत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवण्यास उशीर करू नये.

लाकडी ठोकळे, मऊ चेंडू, जाड पानांचे चित्रपुस्तक, दोरीने ओढायची गाडी आणि बाहुलीसोबत वाटी-चमचा एवढे पुरेसे आहे. यातलेही निम्मे कपाटात ठेवून काही दिवसांनी अदलाबदल करावी.

भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. नोंदणीकृत हस्तकला कारागिरांना त्यातून सूट असल्याने सावंतवाडीची लाकडी फळे घेताना रंगाचे पोपडे आणि आकार आपणच तपासावेत. सुमारे ३२ मिलिमीटर व्यासाच्या नळीत जी वस्तू सहज मावते, ती तीन वर्षांखालील मुलाच्या घशात अडकू शकते. त्या आलेल्या खेळण्यांच्या बॅटरीचे झाकण स्क्रूने बंद आहे ना, हे आजच पाहावे. बटणाएवढी चपटी बॅटरी गिळली गेल्यास दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते, म्हणून नुसती शंका आली तरी तडक रुग्णालय गाठावे.

स्वयंपाकघरातील खालचा एक कप्पा त्याला मोकळा करून द्यावा; काचेची भांडी, सुरी आणि काडेपेटी तेवढी वर हलवावी.