वडिलांच्या नावावरची पद्मिनी मुलाने विकली, आता बहिणीची नोटीस

प्रश्न : मी मिरजेत राहतो. साताऱ्याजवळच्या एका गावातून १९७६ ची प्रीमियर पद्मिनी १ लाख १० हजारांना घेतली. गाडी बरीच वर्षं गोठ्यात उभी होती, पण रंग, सीटा, इंजिन सगळं मूळचं आहे. आरसी बुक मूळ मालकाच्या नावावर आहे आणि ते वारले आहेत. मागे पत्नी, एक मुलगा, एक मुलगी. मुलाने ५०० च्या स्टॅम्पवर करार करून दिला आणि गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे, सह्या केलेले टीटीओ फॉर्म दिले. ६० हजार यूपीआयने दिले, बाकीचे रोख. आता मुलीची वकिलामार्फत नोटीस आली आहे : पंधरा दिवसांत गाडी परत करा, नाहीतर फौजदारी करू. आरटीओत गेलो तर नंबर ऑनलाइन दिसत नाही म्हणाले. मेकॅनिक म्हणतो, सडलेला पत्रा कापू आणि डिझेल इंजिन बसवू. काय करू?

उत्तर : सगळ्यात आधी मेकॅनिकला थांबवा. तुमच्या प्रश्नात सर्वात शेवटी आलेली ही गोष्ट मला सर्वात धोक्याची वाटते. बाकीचं सगळं निस्तरता येईल. चेसिस नंबर असलेला पत्रा एकदा कापून भंगारात गेला, तर ही गाडी कोणती हे सिद्ध करायला तुमच्याकडे काही उरणार नाही.

आधी मालकीचं बघू. मृत्युपत्र नाही आणि कुटुंबाला हिंदू वारसा कायदा लागू आहे असं धरतो. मालकाची आईही हयात नसेल, तर पत्नी, मुलगा आणि मुलगी हे तिघे पहिल्या वर्गाचे वारस, प्रत्येकाचा हिस्सा सारखा. म्हणजे मुलाने विकली अख्खी गाडी, पण त्याचा स्वतःचा हिस्सा एक तृतीयांशच. त्या मुलीचं म्हणणं खोटं नाही. 'गाडी भावाच्या गोठ्यात होती, मुलीचा काय संबंध' असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल तर ते डोक्यातून काढा.

तुमच्या बाजूने एक तरतूद आहे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम २८ सांगतं की सहमालकांपैकी एकाकडे इतरांच्या परवानगीने वस्तूचा एकट्याचा ताबा असेल आणि त्याला विकायचा अधिकार नाही हे माहीत नसताना कोणी ती प्रामाणिकपणे विकत घेतली, तर मालकी खरेदीदाराकडे जाते. पण तुम्ही व्यवहाराआधी आरसी बुक पाहिलं होतं. त्यावर मयत माणसाचं नाव होतं. बाकीच्या वारसांची संमती विचारली होती का, हा प्रश्न कोर्ट तुम्हाला पहिल्यांदा विचारेल. म्हणून या कलमावर भिस्त ठेवून लढायला मी सांगणार नाही. तडजोडीला बसताना हातात ठेवायची ती गोष्ट आहे.

फौजदारीने घाबरून जाऊ नका. चोरी असो की चोरीचा माल घेणं, अप्रामाणिक हेतू किंवा तशी जाणीव असावी लागते. उघड करार आणि बँकेतून गेलेले पैसे ही तुमची जमेची बाजू आहे. रोख दिलेल्या ५० हजारांची पावती मात्र विकणाऱ्याकडून आजच लिहून घ्या. उद्या तो फोन उचलेलच असं नाही.

टीटीओ फॉर्म, म्हणजे नमुना २९ आणि ३०, पुन्हा काढून बघा. सही कोणाची आहे? मुलाने स्वतःच्या नावाने केली असेल तर ती नोंदणीकृत मालकाची सही होत नाही, कागद निरुपयोगी. वडिलांच्या नावाने केली असेल तर तो फॉर्म आरटीओच्या खिडकीत सरकवूच नका. ती बनावट सही ठरेल आणि तो कागद वापरणारे तुम्ही असाल.

सरळ मार्ग असा. मालक वारल्यावर गाडी आधी वारसाच्या नावावर चढते, नमुना ३१ वर, आणि मग वारसाकडून तुमच्या नावावर. मृत्यूनंतर तीन महिन्यांत करायचं ते काम राहून गेलं आहे, पण उशिरा अर्ज घेतात, आकार भरावा लागतो. मृत्यू दाखला, इतर वारसांची ना-हरकत आणि प्रतिज्ञापत्र लागेल. माझं मत, गाडी आईंच्या नावावर चढवावी. मुलांनी दोघांनी आईला संमती द्यायची, तर भाऊबहिणीत कोणाला माघार घेतल्यासारखं वाटत नाही. आरटीओ कार्यालयाने कोर्टाचा कागद मागितलाच, तर १८२७ च्या मुंबई नियमावलीखालचा वारस दाखला काढतात. सक्सेशन सर्टिफिकेट हे मयताचं येणं आणि रोखे यांसाठी असतं, त्यात पैसे घालू नका.

पैशाचं म्हणाल तर दोन तृतीयांश, सुमारे ७३ हजार रुपये, मुलाने आई आणि बहिणीला द्यायचे आहेत. तुम्ही दुसऱ्यांदा द्यायचे नाहीत. विकायचा हक्क विक्रेत्याला आहे ही हमी विक्रीतच गृहीत असते. तो ऐकत नसेल तर वस्तू विक्री अधिनियमाच्या कलम १४ वर बोट ठेवून पैसे परत मागा.

नंबर ऑनलाइन न दिसणं यात गूढ काही नाही. 'एमएच' मालिका १९८९ ला आली, त्याआधीच्या तीन अक्षरी नंबरांच्या नोंदी अनेक ठिकाणी अजून जाड रजिस्टरांतच आहेत. मूळ नोंद जिथली, बहुधा साताऱ्याची, तिथे जुन्या रजिस्टरवरून बॅकलॉग नोंद, म्हणजे जुनी नोंद संगणकावर चढवणं, करून घ्यावी लागेल. त्याच वेळी नोंदणी रद्द झालेली नाही ना, आणि बुकात जुन्या फायनान्सचा एचपी शेरा (गाडीवर कर्ज असल्याची नोंद) राहिलेला नाही ना, हे बघा. शेरा असेल तर तो उतरवायला नमुना ३५ लागेल.

तपासणीत निरीक्षक चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट मागेल. पत्र्यावरचा गंज रॉकेलच्या बोळ्याने हळूहळू पुसा, पॉलिश पेपर लावू नका. अंक झिजले की खाडाखोडीचा संशय येतो. मग पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. इंजिन नंबरचीही अशीच प्रिंट काढून बुकाशी ताडून बघा. आणि गाडी सातारला नेताना टोचन करून नाही, टोइंगच्या गाडीवर चढवून न्या. विमा नसलेली, नोंदणीची मुदत संपलेली गाडी दोराने ओढताना कोणाला लागलं, तर भरपाई तुमच्या खिशातून जाईल.

आता डिझेल इंजिनाचं. इंजिन बदलायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली परवानगी लागते, हे एक. दुसरं, २०२१ च्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं उलटलेली, मूळ स्वरूपात जपलेली, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. बुकातली पहिल्या नोंदणीची तारीख बघा. ती १९७६ ची असेल तर २०२६ मध्ये त्याच तारखेला पन्नाशी भरते. कुर्ल्यात बनलेलं ते १०८९ सीसीचं मूळ इंजिन काढलंत तर हा दरवाजा तुम्हीच बंद कराल.

पण व्हिंटेज नोंदणी घ्याच असं मी म्हणणार नाही. ती गाडी रॅली, प्रदर्शन, दुरुस्ती, पेट्रोल अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रविवारी घरच्यांना घेऊन नृसिंहवाडीला जायचं असेल तर नमुना २५ वर साधं नूतनीकरण करा. ते पाच वर्षांसाठी मिळतं. वीस वर्षांवरच्या मोटारीला ऑगस्ट २०२५ पासून त्याची फी १० हजार रुपये आहे. पर्यावरण कर, एचएसआरपी (सुरक्षा खुणांची नंबर) पाटी आणि उशिराचा आकार वेगळा, तो अर्जाआधी काउंटरवर विचारून घ्या. पत्र्याचं जरुरीपुरतं वेल्डिंग करायला हरकत नाही, पण नाव तुमच्यावर चढल्यावर, आणि नंबरचा भाग सोडून.

नोटिशीचं उत्तर मात्र मुदतीत, वकिलामार्फत जाऊ द्या. त्यात गाडी जशी आहे तशी ठेवली आहे, तिन्ही वारसांसोबत बसायची तयारी आहे, एवढंच लिहा, आणि आजच्या तारखेचे गाडीचे चारी बाजूंचे फोटो सोबत जोडा.