खवट म्हणजेच ऑक्सिडाइज्ड का?

एक मैत्रीण आहारावरचा लेख मराठीत आणतेय, तिनं विचारलंय की ‘ऑक्सिडाइज्ड फॅटमुळं लिव्हर एन्झाइम्स खराब होतात’ याला ‘खवट चरबीनं यकृताची विकरं नासतात’ लिहिलं तर चालेल का.

खवट मला जीव की प्राण आहे, पण इथं तो अर्धाच बसतो. तो नाकाचा न् जिभेचा शब्द, तो पण फक्त तेला-तुपाच्या गोष्टींचा. आमच्या सांगलीत भडंगाच्या डब्याचं झाकण सैल राहिलं की चुरमुरे सादळतात आणि शेंगदाणे खवट होतात, एकाच डब्यात दोन शब्द, कुणी अदलाबदल करून दाखवावी! दूध नासतं, आमटी आंबते, पीठ कुबट होतं, खोबरं मात्र खवटच.

पण तेलाला ऑक्सिजन लागला की आधी पेरॉक्साइडं होतात, त्यांना वास नसतो, ती फुटून अल्डिहाइडं झाली की मग नाकाला कळतं, म्हणजे खवट व्हायच्या आधीच तेल ऑक्सिडाइझ व्हायला लागलेलं असतं. जुन्या लोण्याचं उलटं, तिथला खवट वास बऱ्याचदा ब्युटिरिक अ‍ॅसिड सुटल्याचा, त्यात ऑक्सिजनचा हात नाही. आणि भजी-वड्याचं परत परत तापवलेलं तेल, त्याला आपण खवट नाही, जळकं म्हणतो, आणि ऑक्सिडाइझ तर ते भरपूर झालेलं असतं. एफएसएसएआयचा, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा संस्थेचा, २०१८ पासून नियमच आहे, टोटल पोलर कंपाउंड्स (तेल तापून बिघडताना त्यात साठत जाणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरायचं नाही.

चरबी पण नको, ती बोकडाची नाहीतर पोटावरची, ताटातलं ते तेल-तूप.

आता ‘नासतात’. एन्झाइम म्हणजे प्रोटीन, ही अल्डिहाइडं त्याला चिकटतात, मोक्याच्या जागी चिकटली की कुलपात काडी मोडल्यासारखं काम अडतं. लिव्हरमधलं ग्लुटाथायोन नावाचं बचाव करणारं द्रव्य त्यांना आवरतं, ते कमी पडलं की नुकसान. म्हणून ‘निकामी होतात’ लिही. आणि एक ओळ जास्तीची घाल, कारण रिपोर्टमध्ये ‘एसजीपीटी (हे लिव्हरचंच एक एन्झाइम) वाढलंय’ ऐकलेला माणूस विचारणार की खराब होतात तर वाढतात कशी. पेशीला इजा झाली की आतलं एन्झाइम रक्तात झिरपतं, ती ही वाढ.

तर वाक्य असं कर: ‘ऑक्सिडाइझ झालेल्या तेला-तुपामुळं लिव्हरमधली काही एन्झाइम्स निकामी होऊ शकतात.’ ‘काही’ आणि ‘शकतात’ गाळू नकोस, सगळ्या एन्झाइम्सवर सारखा परिणाम होत नाही.