मणी कशाचा हे नंतर, पेशी सुटणार कशा ते आधी

तुमचा प्रश्न असा: मेसेनकायमल स्टेम सेल (हाड, कूर्चा, चरबी बनवू शकणाऱ्या मूळपेशी) प्लास्टिकच्या फ्लास्कमध्ये छान वाढतात, आता १०० कोटी हव्यात, तर प्लास्टिकऐवजी निसर्गातून मिळणारे कोणते मायक्रोकॅरियर, म्हणजे ज्यांच्या पृष्ठभागावर पेशी वाढतात असे बारीक मणी, घ्यावेत?

आधी हिशोब. १७५ चौ. सेंमी.च्या एका फ्लास्कमधून ५० लाख पेशी निघतात असं धरलं, तर २०० फ्लास्क लागतील आणि सगळे एका वापरानंतर कचऱ्यात. तेवढाच पृष्ठभाग सायटोडेक्स-१ या तयार मायक्रोकॅरियरच्या ८ ग्रॅम कोरड्या मण्यांत मिळतो. हे मणी डेक्स्ट्रानचे, आणि डेक्स्ट्रान जिवाणू साखरेपासून बनवतात. संशोधक व्हान वेझेल यांनी १९६७ मध्येच असे मणी वापरले होते. म्हणजे प्लास्टिक टाळणं फारसं अवघड नाही. खरी कसोटी शेवटच्या दिवशी लागते. पेशी मण्याला इतक्या घट्ट धरतात की ट्रिप्सिन (प्रथिनं तोडणारं विकर) घालून जोरात ढवळावं लागतं, मग गाळावं लागतं, आणि त्यात बऱ्याच मरतात.

म्हणून मी अल्जिनेटकडे वळलो. ते तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं. त्या शेवाळाला ना गोडं पाणी लागतं, ना शेतजमीन. कॅल्शियम त्याच्या साखळ्या बांधून ठेवतो. सायट्रेट किंवा ईडीटीए घातलं की ते कॅल्शियम ओढून घेतं, मणी विरघळतो आणि गाळायचं काम जवळजवळ उरत नाही. मात्र नुसत्या अल्जिनेटला पेशी चिकटतच नाहीत. त्यावर आरजीडी हा पेशींना पकड देणारा तीन अमिनो आम्लांचा तुकडा जोडावाच लागतो. दुसरं, फॉस्फेटसुद्धा कॅल्शियम पळवतं. सुरुवातीला सवयीनं मी मणी पीबीएसने (फॉस्फेट असलेल्या मिठाच्या द्रावणाने) धूत होतो, आणि ते ढवळताना फुटत होते. तुम्ही कॅल्शियम घातलेल्या सलाइनने धुवा.

आपल्याकडच्या गडचिरोली-भंडाऱ्याच्या टसर रेशमाचाही विचार जरूर करा. त्याच्या फायब्रॉइन या मुख्य प्रथिनात आरजीडी मुळातच असतो, तुतीच्या रेशमात तो नाही. अडचण एवढीच की तुतीचं रेशीम लिथियम ब्रोमाइडमध्ये सहज विरघळतं, टसर तसं विरघळत नाही. तो टप्पा जमवू शकणारा रसायनतज्ज्ञ सोबत असेल तरच त्या वाटेला जा.

आणि पेशींच्या पोषक माध्यमात १० टक्के गाईच्या गर्भाचं सीरम तसंच ठेवणार असाल, तर मणी बदलून प्राण्यांवरचं अवलंबन सुटत नाही. मानवी प्लेटलेट लायसेट (रक्तातल्या प्लेटलेट फोडून केलेला अर्क) सोबतच तपासून पाहा.

पहिली बॅच १०० मिलीच्या स्पिनरमध्येच (ढवळणी असलेल्या बाटलीत) करा. मण्यावर किती पेशी दिसतात ते सोडा. मणी विरघळवल्यानंतर जिवंत किती, आणि त्या पुन्हा फ्लास्कला चिकटतात का, हे दोन आकडे इथे टाका. पुढचं त्यावरून ठरवू.